टेंभेकर साहेबांची भिंत

टेंभेकर साहेब "टाइप झालं का?" असं कधी विचारायचे नाहीत. ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे, टाइपरायटरमधून निघालेला ताजा कागद हातात घ्यायचे आणि विचारायचे, "काय टाइप केलंत? मराठीत सांगा."

ही मोठी पंचाईत होती, कारण मला ते माहीतच नसायचं. माझा वेग चांगला होता. वेगावरच नोकरी लागली होती. डोळे हस्तलिखितावर, बोटं बटणांवर आणि डोकं तिसरीकडेच, म्हणजे डब्यात आईनं काय दिलंय तिकडे. इंग्रजी अक्षरं डोळ्यांतून शिरायची आणि बोटांतून बाहेर पडायची, मध्ये कुठे थांबायचीच नाहीत. मी गप्प बसले की साहेब कागद परत ठेवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "निर्मलाबाई, तुम्ही वाचून राहिल्या की नुसतं ठोकून राहिल्या?"

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, ते पंचेचाळिशीचे. तरी अहो-जाहो, आणि वर निर्मलाबाई. घरी मला सगळे निमे म्हणतात.

थांबा, आधी हे सांगायला हवं होतं की आम्ही इथे आलो कसे. राज्यं नव्यानं मांडली गेली तेव्हा नागपूरची राजधानी गेली आणि माझ्या वडिलांचं सेक्रेटरिएट फायलींच्या ट्रंकांसकट भोपाळला आलं. आम्हाला टीन शेड नावाच्या सरकारी वसाहतीत क्वार्टर मिळालं. शेजारीपाजारी सगळे नागपूरचेच, त्यामुळे भाजीवाला सोडला तर कुणाशी हिंदी बोलायची गरज पडायची नाही. टेंभेकर साहेब आमच्यापासून चौथ्या दारात. मला नोकरी लागली ती त्यांच्याच ऑफिसात. सिंचन खात्याची एक छोटी प्रयोगशाळा, छोट्या तालाबाच्या अंगाला, नवाबाच्या जुन्या बग्घीखान्यात. भिंतींना घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून तशाच होत्या. साहेब त्यातल्या एकीला छत्री अडकवायचे आणि दुसरीला डबा.

त्या बग्घीखान्याच्या मधोमध पाट होता. चाळीस फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला सिमेंटची खडबडीत भिंत. पंप सुरू केला की पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं, खाली हौदात पडायचं आणि पुन्हा वर चढवलं जायचं. दिवसभर तेच पाणी. मला वाटायचं, सरकार या कामाचा पगार देतं? साहेब काचेपाशी स्टूल टाकून बसायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे. मधल्या पाण्याकडे नाही बरं का. भिंतीलगतच्या.

मधलं पाणी त्यांच्या हिशेबी साधं होतं. "ते पळतं. पळणाऱ्याचं काय बघायचं?" त्यांना भिंतीपासचं बोटभर पाणी हवं असायचं. पाणी अगदी भिंतीला टेकलं की थांबतं, हे म्हणे सगळ्यांना ठाऊक आहे. पुस्तकांतही असतं की भिंतीलगत एक पातळ, शांत थर असतो. साहेबांना तो शांत आहे हे मान्य नव्हतं. "शांत असेल तर पाण्याची ताकद जाते कुठे?" इतकंच त्यांचं म्हणणं. पाटात पाणी एका जोरानं शिरतं आणि दुसऱ्या टोकाला कमी जोरानं पोचतं. मधला जोर कुणी खाल्ला? त्यांचा संशय भिंतीवर होता.

एकदा मी त्यांची लांबलचक टिपणं टाइप केली. त्यात एक शब्द सारखा येत होता, व्होर्टिसिटी. मला तो एखाद्या आजाराचं नाव वाटला. साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि मी नेहमीप्रमाणे गप्प. तेव्हा त्यांनी विचारलं, आई वाती कुठे वळते? म्हटलं, मांडीवर. मांडी हलते का? नाही. हात? पुढे सरकतो. मग कापसाचं काय होतं?

"वळला जातो," मी म्हटलं.

"झालं की मग. मांडी म्हणजे भिंत. हात म्हणजे मधलं पळतं पाणी. त्या दोघांत सापडलेलं पाणी वळत राहते. किती जोरानं वळते, त्याचं नाव तुम्ही आज छत्तीस वेळा टाइप केलंत."

त्या दिवशी घरी जाऊन मी आईला वाती वळताना इतका वेळ बघत बसले की तिनं विचारलं, निमे, बरं वाटत नाही का?

साहेबांची बोटं तांबूस-तपकिरी होती, विडी ओढणाऱ्याची असतात तशी. टीन शेडमध्ये बऱ्याच जणांचा तो समज होताही. प्रत्यक्षात ते सुपारीसुद्धा खायचे नाहीत. तो डाग लाल दवेचा. विहिरीत टाकतात ती लाल दवा, म्हणजे परमँगनेट, तिचे दाणे साहेबांच्या खिशात काडेपेटीत भरलेले असायचे. ती पाण्यात विरघळवून, भिंतीत बसवलेल्या इंजेक्शनच्या सुईतून ते थेंब-थेंब सोडायचे. पाण्याला रंग आल्यावर भिंतीपाशी काय चाललंय ते दिसायचं. त्यांच्या बायको, म्हणजे टेंभेकर काकू, म्हणायच्या की यांचे शर्ट धुताना पाणी जांभळं होतं आणि यांना आंघोळीला पाठवलं की मोरीपाशी एक माणूस उभा करावा लागतो, नाहीतर हे तिथेच बघत बसतात. काकू हे तक्रार म्हणून सांगायच्या, पण ऐकणारं कुणी नवीन असलं तरच.

साहेबांच्या जोडीला रहमत मियाँ होते. पंप चालवणं हे त्यांचं सरकारी काम. पण त्याआधी वीस-बावीस वर्षं ते नवाबाच्या बागेतली कारंजी सांभाळायचे. संस्थान गेलं, कारंजी बंद पडली आणि रहमत मियाँ पंपासकट नव्या सरकारात आले. पाटाला ते नहर म्हणायचे. साहेबांचा सगळा सिद्धांत त्यांना कुणी न सांगताच पटलेला होता. ते सांगायचे, कारंज्याचं पाणी उंच गेलं नाही की दरबारातले लोक पंपवाल्याला रागवायचे. पंप बिचारा बरोबर असायचा. नळ आतून गंजलेला, खरखरीत. "खाँ, पानी की जान दीवार चूस लेती है." साहेबांनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं, देवनागरीत, खाली रहमत मियाँचं नाव.

या दोघांचा एक खेळ होता. म्हणजे कामच होतं, पण बघणाऱ्याला खेळ वाटावा असं. सुईतून निघालेला रंग भिंतीलगत सरपटत जायचा आणि मध्येच त्यातला एखादा पुंजका भिंत सोडून उसळी मारायचा, मधल्या पाण्यात शिरायचा आणि फुटून जायचा. साहेब त्याला "उठली" म्हणायचे. एका मिनिटात किती वेळा उठते ते मोजायचं. घड्याळ माझ्या हातात. ते दोघं काचेसमोर शेजारी-शेजारी, प्रत्येकाच्या डाव्या खिशात चिंचोके. उठली की एक चिंचोका उजव्या मुठीत. बोलायचं नाही, एकमेकाकडे बघायचं नाही. मिनिट झालं की मी "बस" म्हणायचं आणि दोघांनी मुठी उघडायच्या.

कधी जुळायचं नाही. साहेबांचे अकरा तर मियाँचे तेरा. मियाँचे नऊ तर साहेबांचे दहा. खडबडीत भिंतीवर रंग लगेच पसरायचा, त्यामुळे उठली की नुसतीच विस्कटली यावर दोघांचा वाद. साहेब वहीत दोन्ही आकडे लिहायचे. मी एकदा सुचवलं की मधला धरा. ते म्हणाले, "मधला कोणी पाहिला? मी अकरा पाहिले, यांनी तेरा. बारा कोणीच पाहिले नाहीत."

ताकद कुठे जाते, हे मात्र मी त्यांना मराठीत सांगितलं. माझ्या नोकरीतला हा एकच अभिमानाचा प्रसंग, म्हणून सांगून टाकते. टिपणात लिहिलं होतं की मोठा भोवरा आपली शक्ती लहान भोवऱ्याला देतो, लहान त्याहून लहानाला, आणि सगळ्यात शेवटी ती उष्णता होऊन विरते. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे मोठे साहेब तुम्हाला रागावतात, तुम्ही हेड क्लार्क सक्सेना बाबूंना, सक्सेना बाबू मला, आणि मी टाइपरायटर ठोकते. शेवटी तापतो तो टाइपरायटर.

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "मी तुम्हाला कधी रागावलो?"

"नाही."

"मग मध्ये साखळी तुटते. पण बाकी बरोबर आहे." आणि ते हसत पाटाकडे गेले, रहमत मियाँना सांगायला.

आता मुद्द्याचं. तो पाट कायमचा नव्हता. नवीन कालवा दगडी ठेवायचा की आतून गिलावा करायचा, एवढं ठरवण्यापुरता तो मंजूर झालेला होता. साहेबांनी वर लिहिलं होतं की ही प्रयोगशाळा कायम करावी, भिंतीपाशी पाहण्यासारखं पुष्कळ आहे. वरून उत्तर आलं की मोठे साहेब स्वतः दौऱ्यावर येतील, तोवर अहवाल पुरा करा, मग ठरवू. अहवालात सात ओळींचा एक तक्ता होता. पाण्याचे सात वेग, प्रत्येक वेगाला एक ओळ. एका ओळीला तीन-तीन आठवडे लागायचे, कारण मध्येच वीज कमी झाली की पंप मंदावायचा आणि सगळं पहिल्यापासून.

दुसरीकडे त्या वर्षी सगळ्या नागपूरकरांच्या डोक्यावर ऑप्शनचा कागद होता. तिकडे मुंबई राज्यात जायचं की इकडेच राहायचं. टीन शेडमधल्या पहिल्या गणपतीत आरतीपेक्षा त्याचीच चर्चा जास्त. कुणाला नागपूरची संत्री आठवायची, कुणाला म्हातारी आई. भोपाळला नावं ठेवण्यात तर आम्ही सगळे एक होतो. साहेबांना कुणीतरी विचारलं, तुम्ही काय भरलं? ते प्रसादाच्या द्रोणातलं तीर्थ कडेकडेनं फिरवून बघत होते.

"पाट उचलून नेता येतो का, तेवढं विचारून सांगा," ते म्हणाले. "मग कुठेही जातो."

सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांची आई नागपूरला होती.

साहेबांनी इथेच राहायचं लिहून दिलं होतं. पण इथे राहायला जागा हवी, आणि त्यांच्या जोगी जागा म्हणजे तो पाट. पाट कायम झाला तर साहेब राहणार, नाहीतर त्यांचं नाव वाटपात तिकडे जाणार, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

दौऱ्याला बारा दिवस उरले तेव्हा सहा ओळी भरलेल्या होत्या आणि सातवी चालू होती. त्याच वेळी साहेबांना सर्व्हिस बुकाच्या कामासाठी चार दिवस नागपूरला जावं लागलं. पंप बंद ठेवला, पाट रिकामा केला, रहमत मियाँना सांगितलं की आल्यावर उरलेलं करू.

सरकारी ऑफिसात दौरा म्हटलं की काय होतं ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. जे हलत नाही त्याला रंग. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना, दारांना हिरवा ऑइल पेंट. सक्सेना बाबूंनी मला रंगाची यादी सांगायला सुरुवात केली. ते बोलत होते आणि मी टाइप करत होते. फाटक, खिडक्या, पंपघर, घोड्यांच्या कड्या. शेवटी त्यांनी विचारलं, "और कुछ रह गया, बिटिया?"

मी मान वर करून पाहिलं. पाट रिकामा होता आणि त्याची भिंत शेवाळानं, लाल दवेच्या डागांनी इतकी घाण दिसत होती. मला वाटलं, साहेब आले की खूश होतील. मी म्हटलं, नहर. सक्सेना बाबू म्हणाले, शाबास. मी टाइप केलं.

हे टाइप करणारी मी, जिनं भिंतीचा खडबडीतपणा हे शब्द वर्षभरात शेकडो वेळा टाइप केले होते.

रंगारी शुक्रवारी आला. रहमत मियाँ जुम्म्याच्या नमाजाला गेलेले, आणि पंप बंद म्हणून त्या दिवशी परत यायचे नव्हते. चाळीस फुटांची भिंत, आधी घासून धुतली, मग पातळ सिमेंट मारून सपाट केली. रंगारी कामाचा चांगला होता, खड्डा ठेवायचा नाही. रात्रभरात वाळल्यावर सकाळी त्यावर हिरवा ऑइल पेंट. मी आत बसून टाइप करत होते आणि ताज्या रंगाचा वास येत होता. मला तो वास आवडतो.

शनिवारी दुपारी मियाँ परत आले. पाटापाशी उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. रंगाऱ्याला एवढंच विचारलं, "को खाँ, किसने कहा था?" रंगाऱ्यानं खिशातून यादी काढून दाखवली.

साहेब सोमवारी आले. छत्री कडीला अडकवली, कडी हिरवी झालेली पाहून जरा थांबले. मग पाटापाशी गेले. वाकून त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चाळीस फूट, चालत. सक्सेना बाबू मागे-मागे. ते सांगत होते की खरवडून काढू, दोन मजूर लावू. साहेब म्हणाले, खरवडलं तर ती तिसरीच भिंत होईल. आवाज नेहमीचाच.

मग ते माझ्या टेबलापाशी आले. मी उभी राहिले.

"यादीत ते मी लिहिलं," मी म्हटलं. "सक्सेना बाबूंनी नाही सांगितलं."

"मराठीत सांगा, काय टाइप केलंत?"

"पाट. आतून. हिरवा ऑइल पेंट, एक हात."

"बरोबर," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा न अडखळता सांगितलंत."

आणि डबा कडीला अडकवायला गेले.

आता सातव्या ओळीचा प्रश्न. सहा ओळींचे ठिपके कागदावर मांडले तर ते एका वळणदार रेषेवर इतके नीट बसत होते की सातवा कुठे पडणार ते मलासुद्धा दिसत होतं. पुढचे तीन दिवस ज्याला त्याला तेच म्हणायचं होतं. सक्सेना बाबू म्हणाले, साहेब, पेन्सिल ठेवा, ठिपका आपोआप पडतो. माझे वडील त्यांच्या घरी जाऊन म्हणाले, टेंभेकर, सातवी ओळ कोण मोजायला बसलंय? काकूही काही म्हणाल्या असतील, ते मला माहीत नाही. त्यांना नागपूर हवं होतं आणि तरीही त्या दिवसांत त्या आईकडे येऊन एकदा बोलल्या, की यांचा पाट गेला तर हे घरात कसे राहतील कोण जाणे.

साहेबांनी एका दुपारी खरंच पेन्सिल घेतली. रेषा पुढे वाढवली, ठिपका ठेवला, बाजूला आकडा लिहिला. बघत बसले. मग खोडरबर घेऊन सगळं पुसलं आणि रबराचा भुगा फुंकून टाकला. मला बोलावलं आणि सातव्या ओळीसमोर रिकामी जागा ठेवून खाली एक वाक्य टाइप करायला सांगितलं. मी टाइप केलं, आणि त्यांनी विचारायच्या आतच मराठीत सांगितलं. "सातवं मोजमाप झालेलं नाही, कारण भिंत आता ती राहिलेली नाही."

दौरा झाला. मोठे साहेब जीपमधून उतरले, फाटक पाहिलं, बुंधे पाहिले, आत आले आणि पाट पाहून एकदम खूश झाले. म्हणाले, प्रयोगशाळा अशी ठेवायला हवी, बाकीच्यांनी शिकावं. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवून बोटाला काही लागतं का तेही पाहिलं. मग खुर्चीत बसून अहवाल चाळला आणि तक्त्यापाशी थांबले.

"हे रिकामं का?"

साहेबांनी सांगितलं. रंग कुणी लावायला सांगितला, असं मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा सक्सेना बाबूंनी छताकडे पाहिलं आणि मी टाइपरायटरकडे.

"पाट माझ्या ताब्यात आहे, सर," टेंभेकर साहेब म्हणाले.

"पाट एवढा चकाचक ठेवता, टेंभेकर," मोठे साहेब म्हणाले, "मग काम कसं अपुरं ठेवता?"

चहा झाला. जीप गेली. कालव्याच्या बाबतीत सहा ओळींवरच गिलाव्याचा निर्णय झाला. पाटाबद्दल काही कळवलं नाही.

त्यानंतर वरून काही येईपर्यंत सव्वादोन महिने होते. मला वाटलं होतं, साहेब आता बसून राहतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाचणीनं सुईचं बुजलेलं तोंड मोकळं केलं, मियाँना पंप सुरू करायला सांगितला आणि हिरव्या भिंतीसमोर स्टूल टाकलं.

आणि मग आम्ही पाहिलं. खडबडीत भिंतीवर जो रंग नुसता विस्कटून पसरायचा, तो हिरव्या गुळगुळीत भिंतीलगत दोऱ्यांसारखा धावू लागला. लांब-लांब, जांभळे, एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर, जणू कुणी मागावर ताणून लावलेत. दोरा हळू सरपटायचा, मग डुलायला लागायचा, साप डुलतो तसा, आणि मग एकदम भिंत सोडून वर उठायचा आणि फुटायचा. इतकं स्वच्छ की शंकेला जागा नाही. साहेब स्टुलावरून उठून काचेला नाक लावून उभे राहिले. शांत थर कसला, तिथेच सगळा धिंगाणा चाललेला. सगळी ताकद तिथेच खर्ची पडत होती, त्या बोटभर जागेत.

मी घड्याळ धरलं. मिनिट झालं. "बस." दोघांनी मुठी उघडल्या.

चौदा. आणि चौदा.

मियाँनी साहेबांचे चिंचोके पुन्हा मोजले. मग आपले. साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "निर्मलाबाई, तुमची भिंत चांगली आहे."

हे ते टोमणा म्हणून म्हणाले की खरंच, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा दोन्हीला सारखाच असायचा.

त्या सव्वादोन महिन्यांत त्यांनी हिरव्या भिंतीच्या सातही ओळी भरल्या. वीज नशिबानं नीट होती, आणि रविवारीही पंप चालायचा. तो तक्ता कुणी मागितलेला नव्हता. मी तो टाइप केला, हळू टाइप केला, वाचत. त्यांनी तो वर पाठवला. पोचपावतीही आली नाही.

मग एका सकाळी सक्सेना बाबूंनी एक मसुदा माझ्यापुढे ठेवला आणि गेले. मी टाइप करत असताना साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं नाही. मीच कागद काढला आणि म्हटलं, "पाट बंद. पंप पाणीपुरवठ्याकडे, रहमत मियाँसकट. तुमचं नाव तिकडच्या वाटपात, नागपूर, रस्त्यांचं काम. पंधरा दिवसांत हजर व्हायचं."

"वाचून राहिल्या तुम्ही आता," ते म्हणाले. कागद घेतला, सहीच्या जागेवरची कार्बनची रेघ बोटानं पुसली आणि गेले.

स्टेशनवर टीन शेडमधले बरेच जण आले होते. पुरुष सामान चढवत होते, बायका काकूंना खिडकीतून डबे देत होत्या. काकू खूश होत्या आणि ते दिसू नये म्हणून जरा जास्तच बोलत होत्या. रहमत मियाँ जुन्या शहरातून टांगा करून आले होते, हातात पेरूंची टोपली. गाडीतला त्यांचा डबा इंजिनापासून जवळच होता. इंजिनात पाणी भरणं चालू होतं, मोठ्या सोंडेतून, आणि वाया गेलेलं पाणी फलाटाच्या कडेच्या नालीतून वाहत होतं.

साहेब कुठे दिसेनात. काकूंनी खिडकीतून विचारलं, "हे कुठे गेले?" मग त्यांनीच नालीकडे पाहिलं.

साहेब धोतराचा सोगा वर धरून नालीपाशी उकिडवे बसले होते. खिशातून काडेपेटी काढून त्यांनी लाल दवेचे चार दाणे नालीच्या कडेला टाकले. मियाँनी टोपली खाली ठेवली आणि शेजारी बसले. दोघंही काही बोलत नव्हते, एकमेकाकडे बघत नव्हते. मला सवय होती म्हणून मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहायला लागले.

गार्डची शिट्टी झाली. काकू म्हणाल्या, अहो, गाडी सुटेल. साहेब उठले नाहीत. गाडीनं एक धक्का घेतला.

"बस," मी म्हटलं.

साहेब उठले, धावत जाऊन दांडा धरला, चढले. माझ्या वडिलांनी त्यांना मागून हात दिला. दारात उभे राहून त्यांनी मियाँकडे पाहिलं आणि एक पंजा आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. सहा. मियाँनी फलाटावरून मान हलवली आणि एक पंजा आणि दोन बोटं वर केली. साहेबांनी पुन्हा सहा दाखवले. मियाँनी पुन्हा सात. गाडी वळेपर्यंत हेच चाललं होतं.

मग मी नालीत वाकून पाहिलं. पाणी अजून जांभळं होतं. कडेचा दगड बिनगिलाव्याचा होता, खडबडीत.